‘अ हँगिंग’: फाशीला विरोध, पण वकिली नाही

फाशीच्या शिक्षेविरुद्धच्या लेखनाचा एक ठरलेला साचा असतो. निरपराध माणूस फासावर गेल्याची उदाहरणं येतात, फाशीने गुन्हे कमी होतात का याचे आकडे येतात, मग थोडा धर्म, थोडी करुणा. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अ हँगिंग’ या निबंधात यातलं काहीही नाही. कैद्याने काय केलं होतं तेसुद्धा नाही. तो निरपराध असल्याची कुजबुज नाही, खटला नाही, मागे राहिलेली बायको-मुलं नाहीत. एक पावसाळी सकाळ, एक तुरुंग आणि घड्याळात आठ ते आठ वाजून आठ मिनिटं. तरीही निबंध संपतो तेव्हा फाशीच्या बाजूने बोलायला तोंड उघडत नाही. हे कसं साधलंय ते नीट उलगडून पाहण्यासारखं आहे, कारण शाळा-कॉलेजात हा निबंध शिकवताना नेमकं तेच राहून जातं.

आधी जुजबी माहिती. इंग्रजीत साधारण दोन हजार शब्द. ऑगस्ट १९३१ मध्ये ‘द अडेल्फी’ या नियतकालिकात एरिक ए. ब्लेअर या खऱ्या नावाने छापला गेला. ‘ऑर्वेल’ हे टोपणनाव पुढे १९३३ मध्ये आलं. लेखक १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात इंग्रज सरकारच्या पोलीस खात्यात अधिकारी होता आणि ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. मराठी वाचकाला ब्रह्मदेशातला तुरुंग म्हटलं की मंडाले आठवतो, टिळक १९०८ ते १९१४ तिथे होते. या निबंधात मात्र तुरुंगाचं नाव दिलेलं नाही. लेखक १९५० मध्ये वारला, त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या निबंधसंग्रहात हा आहे आणि आपल्याकडे आता कॉपीराइटचा प्रश्न उरलेला नाही, त्यामुळे मिळवायला काही अडचण नाही. मात्र संक्षिप्त पाठ घेऊ नका. संक्षेप करणारे सहसा शेवटचा भाग कापतात, आणि शेवटचा भाग गेला की निबंधच गेला.

निबंधाचं सगळं काम एका सर्वनामावर चालतं. इंग्रजीत ‘वी’ हा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन होतात, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजी वाचकाला जे कळायला दोन-तीन वाचनं लागतात ते मराठीत वाचताना लगेच टोचतं, कारण प्रत्येक ‘वी’पाशी आपल्याला ठरवावं लागतं की यात समोरचा धरायचा की नाही.

पहिल्याच परिच्छेदात हा ‘वी’ येतो: फाशीच्या कोठड्यांबाहेर ‘आम्ही’ थांबलो होतो. हे ‘आम्ही’ म्हणजे गोष्ट सांगणारा निवेदक, तुरुंगाचा सुपरिंटेंडेंट, मुख्य जेलर, शिपाई आणि मॅजिस्ट्रेट वगैरे मंडळी. कैदी यात नाही. तो गजांच्या आड, दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीत, जिच्यात एक फळी आणि पाण्याचं एक भांडं एवढंच सामान. कोठड्यांना उपमा दिली आहे ती जनावरांच्या पिंजऱ्याची. त्याला बाहेर काढून बेड्या घालणारे शिपाई त्याला कसे धरतात? जिवंत मासा हातात धरावा तसे, उसळी मारून पुन्हा पाण्यात जाईल म्हणून. त्याच्या मिशा अंगाच्या मानाने फार मोठ्या, सिनेमातल्या विनोदी नटासारख्या. जनावर, मासा, विदूषक. ‘आम्ही’च्या बाहेर जो आहे त्याला माणूस सोडून सगळ्यांच्या उपमा मिळतात.

इथे थांबून उपमा मोजाव्यात. कोवळं आजारी ऊन पिवळ्या पत्र्यासारखं, डोक्यावर चढवलेली पिशवी पिठाच्या पिशवीसारखी, भीतीने फिके पडलेले हिंदी शिपाई बिघडलेल्या कॉफीच्या रंगाचे, शेवटी लटकणारा देह दगडासारखा निर्जीव. निबंध उपमांनी भरलेला आहे. आणि मग येतो तो परिच्छेद, ज्यासाठी हा निबंध ओळखला जातो.

कोठडीपासून फाशीच्या जागेपर्यंत चाळीस यार्ड. निवेदक कैद्याच्या मागून चाललाय, त्याला कैद्याची फक्त उघडी पाठ दिसते. हात बांधलेले, तरी पावलं ठाम. प्रत्येक पावलाला स्नायू जागच्या जागी सरकतात, डोक्यावरची केसांची बट वरखाली उडते, ओल्या खडीवर पावलांचे ठसे उमटतात. (तुळतुळीत डोकं आणि वर एक बट: मराठी माणूस तिला शेंडी म्हणेल आणि पुढे जाईल. निवेदकाला तो शब्द माहीत नाही, तो फक्त पाहतो. या निबंधात न कळण्यातूनसुद्धा बरंच काही सांगितलं जातं.) आणि दोन्ही खांदे शिपायांनी धरलेले असताना तो कैदी वाटेतलं एक डबकं चुकवायला जरासा बाजूला होतो.

बस, एवढंच. पाय ओला होऊ नये म्हणून एक पाऊल बाजूला. दोन मिनिटांनी मरणारा माणूस.

यानंतरच्या ओळींत लेखक त्या शरीराचा हिशेब मांडतो. आतडी अन्न पचवतायत, कातडी नवी होतेय, नखं वाढतायत. फासाखालच्या फळीवर उभा राहील तेव्हाही नखं वाढत असतील, खाली पडताना सेकंदाचा दहावा भाग उरला असेल तेव्हाही. डोळ्यांना पिवळी खडी आणि राखाडी भिंती दिसतायत, मेंदू अजून आठवतोय, पुढचं पाहतोय, विचार करतोय. डबक्याचासुद्धा विचार करतोय. या भागात एकही सजवलेली उपमा नाही. तुलना येते ती एकच: जसे आम्ही जिवंत होतो तसाच तोही जिवंत होता. आधीच्या पानावर पिंजरा, मासा आणि विदूषक. इथे तुलनेला थेट ‘आम्ही’. उपमेची दिशा बदलली आणि तिच्यासोबत माणूस आत आला. परिच्छेदाच्या शेवटी तो आणि आम्ही ही एकत्र चाललेली माणसांची एक तुकडी होते, तेच जग पाहणारी, ऐकणारी, समजणारी. आणि दोन मिनिटांत आपल्यातला एक नाहीसा होणार होता. एक मन कमी, एक जग कमी.

‘आपल्यातला’. इथे मराठीत ‘आमच्यातला’ लिहिणारा भाषांतरकार निबंध घालवून बसतो. सगळीकडे ‘आम्ही’ ठेवावं आणि फक्त या एका जागी ‘आपण’चं रूप आणावं, असं आमचं ठाम मत आहे. ‘आपल्यातला’ म्हटलं की नुसता कैदीच आत येत नाही, वाचणाराही येतो. मूळ इंग्रजीत ही सोय नाही. लेखकाने ती वाक्यरचनेतून मिळवली आहे. आपल्याकडे ती व्याकरणातच आयती आहे, तर वापरावी.

या परिच्छेदावर एक आक्षेप असतो आणि तो अगदीच फोल नाही. डबक्यानंतर लेखक उघडपणे म्हणतो की भरात आलेलं आयुष्य मध्येच तोडण्यातली अवर्णनीय चूक त्याला तेव्हा कळली. दाखवलंच होतं, मग सांगायला कशाला हवं? आमचा कौल असा की वाक्य राहिलंय ते बरं, कारण ते योग्य जागी आहे. डबक्याच्या आधी आलं असतं तर प्रचार झाला असता. शेवटी आलं असतं तर तात्पर्य. मध्ये आल्यामुळे ते त्या निवेदकाच्या मनात उमटलेलं एक क्षणभराचं भान राहतं, आणि पुढे तोच निवेदक ते भान कसं गमावतो हे पाहायला आपण मोकळे राहतो. तुलनेसाठी याच लेखकाचं १९३७ चं ‘द रोड टू विगन पिअर’ घ्या. तिथे तो लिहितो की एकदा फाशी पाहिली आणि ती हजार खुनांपेक्षा वाईट वाटली. हे मत आहे, त्याच्याशी भांडता येतं. ज्याच्या घरात खून झालाय तो नक्की भांडेल. डबकं चुकवणाऱ्या पावलाशी भांडायचं कसं?

आता कुत्रा. परीक्षेच्या उत्तरांत सर्वांत जास्त माती इथे होते. ‘कुत्रा निरागसतेचं प्रतीक आहे’ असं एक वाक्य लिहून लोक पुढे सरकतात. कुत्रा काय करतो ते क्रमाने पाहा. मिरवणूक निघालेली असताना एक मोठा केसाळ कुत्रा, अर्धा विलायती अर्धा गावठी, कुठूनसा येतो. इतकी माणसं एकत्र पाहून तो आनंदाने वेडा होतो, सबंध अंग हलवत भोवती नाचतो. मग थेट कैद्याकडे झेप घेऊन त्याचं तोंड चाटायचा प्रयत्न करतो. कुत्र्याला ‘आम्ही’ आणि ‘तो’ हा भेद दिसतच नाही. त्याच्या हिशेबात माणसं आहेत, सगळी मिळून एक. निवेदकाला जे डबक्यापाशी कळणार आहे ते कुत्र्याला आधीच माहीत आहे. म्हणून तो डबक्याच्या आधी येतो. नंतर आला असता तर काही उपयोग नव्हता. सगळे गांगरतात, त्याला पकडण्यात काही मिनिटं जातात, सुपरिंटेंडेंट चिडतो. कैदी मात्र हाही फाशीच्या विधीतलाच एखादा प्रकार असावा तसा निर्विकारपणे पाहत राहतो. शेवटी कुत्र्याच्या पट्ट्यातून एक रुमाल ओवून त्याला ओढत नेतात. रुमाल कोणाचा? निवेदकाचा. बारीक नोंद आहे, सहज सुटते. नुसता पाहणारा म्हणून आलेला माणूस इथे हात लावून कामात सामील झाला.

फाशीनंतर निवेदक कुत्र्याला सोडतो. तो धावत फाशीच्या चौकटीमागे जातो, थबकतो, भुंकतो आणि अंगणाच्या कोपऱ्यात, तणात जाऊन उभा राहतो. तिथून तो ‘आमच्याकडे’ भेदरून बघत असतो. आधी सगळी माणसं त्याची होती. आता तो एकीकडे आणि ‘आम्ही’ दुसरीकडे. पुढे काही ओळींनी तो शहाणा होऊन, चूक झाली अशा भावाने मुकाट शिपायांच्या मागे निघून जातो. माणसाळलेलं जनावर आहे, त्याला दुसरा रस्ता नाही. प्रतीक म्हणायचं तर म्हणा, पण प्रतीकाला असे तीन टप्पे असतील तर तिन्ही लिहा.

आवाजांचा भाग मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा वेगळा ऐकू येतो. गळ्यात फास बसतो आणि कैदी देवाचा धावा सुरू करतो: राम, राम, राम, राम. निवेदक म्हणतो की ती मदतीसाठीची किंकाळी वाटत नव्हती, प्रार्थनेसारखीही नव्हती; संथ, तालात, घंटेच्या टोल्यांसारखी होती. तोंडावर कापडी पिशवी चढते तरी आतून तोच आवाज दबून येत राहतो. आता आपल्याकडे ‘राम म्हणणे’ म्हणजे मरणे. प्रेतयात्रेत रामनाम घेतात ते प्रेताभोवतीच्या लोकांनी. इथे तो स्वतःच्या अंत्ययात्रेतलं रामनाम स्वतःच घेतोय, कारण दुसरं कोणी घेणार नाही. हे निवेदकाला कळलेलं नाही. त्याला घंटा ऐकू येते. भाषांतर करताना इथे तळटीप देण्याचा मोह आवरावा. ‘राम’ हा शब्द मराठी पानावर स्वतःच पुरेसा आहे. आणि घंटेची उपमा काढून तिथे ‘नामस्मरण’ घालू नये. निवेदक परका आहे ते दिसलं पाहिजे.

हा आवाज चालू असताना काळ थांबतो. सुपरिंटेंडेंट मान खाली घालून काठीने जमीन टोकरतोय, बहुधा हाका मोजतोय, पन्नास की शंभर देऊ या असा काही आकडा मनाशी धरून. शिपायांच्या संगिनी थरथरतायत. आणि सगळ्यांच्या मनात एकच: मारा एकदाचं, संपवा, हा आवाज बंद करा. निबंधातली ही सर्वांत भयानक जागा आहे आणि ती कैद्याबद्दल नाहीच. दोन मिनिटांपूर्वी ज्याला एक जग कमी होण्याचं भान आलं होतं, तोच आता ते जग लवकर संपावं म्हणतोय. फाशी वाईट का, तर ती पाहणाऱ्याला असं करते म्हणून. हे वाक्य निबंधात कुठेही नाही.

मग सुपरिंटेंडेंट हुकूम देतो, आणि तो इंग्रजीत नाही. ‘चलो!’ एवढाच शब्द. खटका, खडखडाट, शांतता. कैदी दिसेनासा झालाय आणि दोर स्वतःभोवती पिळ घेत फिरतोय. ‘चलो’ म्हणजे चला, निघू या, सगळे मिळून. मारण्याचा हुकूम नेमका त्या क्रियापदात आलाय ज्यात बोलणारा आणि ऐकणारा एकत्र असतात. लेखकाने हे हेतूने केलं असेल की तुरुंगातली रोजची बोली म्हणून आलं असेल, काही का असेना, हिंदुस्थानी कान असलेल्याला ते खटकल्याशिवाय राहत नाही. मराठीत ‘चलो’ तसाच ठेवावा. ‘ओढ!’ किंवा ‘उडव!’ असं केलं तर अर्थ बरोबर येईल आणि बाकी सगळं जाईल.

सुपरिंटेंडेंट काठीने त्या उघड्या देहाला टोचतो, तो जरासा हलतो. ‘ठीक आहे’, म्हणतो. मूळ वाक्यात तो देहाला नाही, माणसाला ठीक म्हणतो: ‘तो ठीक आहे’. सुपरिंटेंडेंटकडून कैद्याला माणसाचं सर्वनाम मिळतं, तेही मेल्यावर. मग घड्याळ: आठ वाजून आठ मिनिटं. आजचं आटोपलं, देवाची कृपा.

घड्याळाचा धागा वेगळा धरून वाचण्यासारखा आहे. आठचा बिगुल ओल्या हवेत क्षीण वाजतो तिथून आठ वाजून आठ मिनिटांपर्यंतचा मजकूर मोठ्याने, न घाई करता वाचला तर वाचायला लागणारा वेळ त्या आठ मिनिटांच्या जवळपास जातो. हातात घड्याळ घेऊन करून पाहा. सुपरिंटेंडेंटची सगळी तक्रार वेळेबद्दल आहे: एव्हाना हा माणूस मेलेला असायला हवा होता, उशीर होतोय, हे ‘काम’ झाल्याशिवाय बाकी कैद्यांना न्याहारी मिळणार नाही. पुढे निवेदकही फाशीला हाच शब्द वापरतो, काम. कार्यालयीन भाषा आणि कार्यालयीन घाई. याला उपरोध म्हणतात हे खरं, पण उत्तरात ‘येथे उपरोध आहे’ एवढं लिहून भागत नाही. उपरोध कशावर आहे ते सांगायला हवं: न्याहारी आणि मरण एकाच वेळापत्रकात बसवण्यावर.

इथे निबंध संपायला हवा होता असं वाटतं. माणूस मेला, मुद्दा झाला. पण अजून बराच मजकूर शिल्लक आहे आणि त्यातच लेखकाची खरी चलाखी आहे. परतीच्या वाटेवर कैदी रांगेत बसून टिनच्या भांड्यांतून भात घेतायत, घरगुती, उबदार दृश्य. सगळ्यांना प्रचंड सुटका वाटते: गावंसं, पळावंसं, फिदीफिदी हसावंसं. एक अँग्लो-इंडियन पोरगा सांगतो की आपल्या ‘दोस्ताने’ अपील फेटाळल्याचं ऐकून कोठडीतच मुतून टाकलं. आणि त्याच दमात चांदीची सिगारेट केस पुढे करतो: फेरीवाल्याकडून घेतली, दोन रुपये आठ आणे, एकदम युरोपियन थाटाची. माणसाची भीती आणि अडीच रुपयांची डबी एकाच संभाषणात, एकाच आवाजात. लेखक दोघांमध्ये एक शब्दही घालत नाही. हा शेजार म्हणजेच तंत्र.

मुख्य जेलर फ्रान्सिस मग अनुभव सांगतो. कधी कधी डॉक्टरला खाली जाऊन पाय ओढावे लागतात. एकदा एक कैदी गजांना चिकटून बसला, सहा शिपाई लागले, एका पायाला तिघे. आम्ही त्याला समजावलं, म्हणतो: बाबा रे, आम्हाला किती त्रास देतोयस त्याचा विचार कर! आणि सगळे हसतात. निवेदकही, बऱ्यापैकी मोठ्याने. सुपरिंटेंडेंट गाडीतली व्हिस्कीची बाटली काढतो.

हे हसू म्हणजे क्रूरपणा असं बहुतेक टिपणांत लिहिलेलं असतं. चुकीचं आहे, आणि चूक अशी की त्याने निबंधाची धारच बोथट होते. हसणारे क्रूर असते तर प्रश्न सोपा होता: चांगल्या माणसांच्या हाती फाशी द्या, झालं. इथे हसणारे सगळे मघाशी थरथरत होते. सुपरिंटेंडेंट डॉक्टर आहे, कैद्याच्या हाका मोजत बसणारा. ही माणसं वाईट नाहीत, आणि तरीही आठ मिनिटांनी ती अशी झाली. फ्रान्सिसची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवलीय. तिच्यातला ‘आम्हाला त्रास’ हा पुन्हा तोच ‘आम्ही’ आहे, कैद्याला बाहेर ठेवून घट्ट मिटलेला. ‘आपल्यातला एक’पासून ‘आम्हाला किती त्रास’पर्यंतचा प्रवास फार तर तासाभराचा.

निबंध निर्दोष नाही. कैद्याला नाव नाही, रामनामाशिवाय शब्द नाही. ते परिणामासाठी आहे असं म्हणता येतं, पण वसाहतीच्या नजरेचा भागही त्यात आहे. ‘गुडघे कधी सरळ न करणाऱ्या हिंदी माणसाची डुलती चाल’ हा शेरा शुद्ध साहेबी आहे, आणि तोही निबंधातल्या सर्वांत माणुसकीच्या परिच्छेदात. फ्रान्सिसचं इंग्रजी तोडून-मोडून, ‘स’कार ताणून लिहिलंय, गंमत म्हणून. हे झाकू नये, वर्गात तर मुळीच नाही. जो निबंध ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यामधली भिंत पाडायला निघालाय त्याच्याच भाषेत भिंतीच्या काही विटा राहून गेल्यात.

आणखी एक मर्यादा वाचण्याआधी माहीत असावी. वादसभेसाठी मुद्दे हवे असतील तर इथे मिळणार नाहीत. त्यासाठी फ्रेंच लेखक आल्बेर कामूचा १९५७ चा गिलोटिनवरचा दीर्घ निबंध वाचा. त्याची सुरुवातही एका प्रसंगाने होते, खुन्याचा शिरच्छेद पाहून घरी आलेले आणि ओकलेले वडील. पण पुढे तो जरब बसते का, सूड म्हणजे न्याय का, न्यायालयाची चूक झाली तर काय, असा मुद्दा मुद्दा लढतो. ऑर्वेल लढतच नाही. गुन्हा न सांगणं ही त्याची सर्वांत मोठी चाल आहे आणि सर्वांत मोठी जोखीमही. गुन्हा कळला की वाचक न्यायाधीश होतो: एवढ्यासाठी फाशी? किंवा: एवढं केलं, मग फाशीच हवी. गुन्हा न सांगितल्याने दोन्ही दारं बंद होतात आणि समोर फक्त कृती उरते. पण ज्याने आपलं माणूस गमावलंय त्याच्यासाठी या निबंधात एकही ओळ नाही, आणि तो वाचक पुस्तक मिटून ‘मेलेल्याचं काय?’ असं विचारेल तर त्याला उत्तर दुसरीकडे शोधावं लागेल.

अभ्यासासाठी वाचायचा असेल तर छापील प्रत आणि चार रंगांच्या पेन्सिली पुरतात. पहिलं वाचन रेघ न मारता, एका बैठकीत, मोठ्याने, पाव तास. दुसऱ्या वाचनात एका रंगाने प्रत्येक ‘वी’, ‘अस’, ‘अवर’ आणि कैद्यासाठीचं प्रत्येक सर्वनाम. दुसऱ्याने उपमा, आणि समासात फक्त ती कशाशी आहे तो शब्द. तिसऱ्याने आवाज: बिगुल, भुंकणं, राम, खडखडाट, शांतता, हसू. चौथ्याने वेळ आणि अंतर. मग कागद हात लांब करून धरा आणि रंग कुठे दाटतात, कुठे विरळ होतात ते बघा. डबक्यापाशी उपमांचा रंग जवळजवळ नाहीसा होतो. फाशीनंतर आवाजात हसू सोडून फारसं काही राहत नाही. उत्तर लिहिताना ‘लेखकाने उपमा, रूपक, उपरोध, प्रतीक वापरले आहेत’ अशी यादी करू नका. एक जागा घ्या, ती कोणाच्या डोळ्यांतून दिसते ते सांगा, तिच्याआधी काय आहे आणि नंतर काय ते सांगा. आणि निवेदकाला बिनदिक्कत ‘लेखक’ म्हणू नका. निवेदक हसतो; लेखक ते हसू छापतो. विरोध जो आहे तो या दोघांमधल्या अंतरात आहे.

शीर्षकाचं मराठी करताना ‘फाशी’ म्हणावं की ‘एक फाशी’? इंग्रजीतल्या त्या ‘अ’मध्ये अनेकांतली एक, रोजच्यापैकी एक, असा थंडपणा आहे. ‘एक फाशी’त तो निदान अर्धा तरी येतो, म्हणून तेच बरं.

शेवटच्या दोन वाक्यांत आम्ही सगळ्यांनी, देशी आणि युरोपियन मिळून, गुण्यागोविंदाने दारू घेतली, आणि मेलेला माणूस शंभर यार्डांवर होता. निबंधात पहिल्यांदाच सगळे एकत्र बसलेत, काळे-गोरे एका बाटलीवर, आणि इथे ‘आपण’ लिहायची फार इच्छा होते. लिहू नये, हे ‘आम्ही’च आहे. यार्डाचे मीटरही करू नयेत. जाताना चाळीस, येताना शंभर. हे दोन आकडे वाचकाने डोक्यात शेजारी ठेवायचे आहेत, आणि ३६.५८ व ९१.४४ कोणाच्याच डोक्यात राहत नाहीत.